प्रशिक्षण पूर्ण, पण कोणाचे?

मार्च महिना आला की कार्यालयांत हिशेबाच्या वह्यांबरोबर आणखी एका थकबाकीची आठवण करून दिली जाते. ‘आपले तीन अभ्यासक्रम अद्याप अपूर्ण असून ते ३१ तारखेपूर्वी पूर्ण करावेत’ अशा आशयाचे ई-मेल मनुष्यबळ विभागाकडून येऊ लागतात. माहितीची सुरक्षितता, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध, ग्राहकाची ओळख पटविण्याचे नियम, आग लागल्यास काय करावे... विषय ठरलेले असतात. जेवणाच्या सुटीपूर्वी अर्धा तास काढायचा, चित्रफीत सुरू करायची, ‘नेक्स्ट’ दाबत जायचे, शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि प्रमाणपत्र डाउनलोड करून घ्यायचे. बहुतेकांच्या दृष्टीने हा एक किरकोळ उपचार असतो.

दक्षिण मुंबईतील एका कार्यालयात काम करणाऱ्या अंध अधिकाऱ्याच्या बाबतीत हा उपचार कसा पार पडतो, हे पाहण्यासारखे आहे. हे गृहस्थ स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीत आले. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’ या सॉफ्टवेअरच्या साह्याने ते दिवसभरातील ई-मेल वाचतात, टिपणे लिहितात, एक्सेलची कोष्टके तयार करतात. प्रशिक्षणाच्या संकेतस्थळापाशी मात्र त्यांचा संगणक मुका होतो. मग ते शेजारच्या सहकाऱ्याला बोलावतात, आपल्या खुर्चीवर बसवतात आणि आपला पासवर्ड सांगतात. सहकारी चाळीस मिनिटे बटणे दाबतो, प्रश्नांची उत्तरे देतो आणि अधिकाऱ्याच्या नावाचे प्रमाणपत्र तयार होते. गेल्या खेपेला अभ्यासक्रम होता माहितीच्या सुरक्षिततेचा. त्यातील पहिलाच धडा असा होता की, आपला पासवर्ड कोणालाही, अगदी शेजारच्या सहकाऱ्यालाही सांगू नये!

हा प्रसंग त्यांनी हसत हसत सांगितला. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नाही. कारण या कार्यालयाच्या दफ्तरी तो अधिकारी ‘शंभर टक्के प्रशिक्षित’ आहे. उद्या त्याच्याकडून माहितीच्या सुरक्षिततेबाबत चूक झाली, तर चौकशीच्या वेळी हेच प्रमाणपत्र त्याच्यासमोर ठेवले जाईल. कर्णबधिर कर्मचाऱ्याची तऱ्हा याहून वेगळी नाही. आगीच्या प्रसंगी कोणत्या जिन्याने खाली उतरावे, हे सांगणाऱ्या चित्रफितीला उपशीर्षके नसतील, तर त्याला फक्त हलणारे ओठ दिसतात. चित्रफीत शेवटपर्यंत चालली की प्रणाली त्याच्या नावापुढे ‘पूर्ण’ अशी खूण करते. व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या आकडेवारीत या दोघांची अडचण कुठेही उमटत नाही. उलट, आकडा जितका शंभराच्या जवळ, तितके सारे आलबेल असल्याचा समज दृढ होतो. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वापरता न येणारे प्रशिक्षण त्यांच्यावर अन्याय करतेच. पण ते संस्थेलाही स्वतःविषयी खोटी माहिती पुरवते, ही या प्रश्नाची फारशी न बोलली जाणारी बाजू आहे.

सभागृहातून पडद्याकडे

पूर्वी प्रशिक्षण म्हणजे एखादे सभागृह, फळा, चहा-बिस्किटे आणि समोर बोलणारा माणूस असे. पुण्याच्या ‘यशदा’त किंवा बँकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत दोन-तीन दिवस जाऊन राहावे लागे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. जिने असत, प्रवास असे. परंतु फळ्यावर काय लिहिले आहे, असे अंध प्रशिक्षणार्थीने विचारले की वक्ता ते वाचून दाखवीत असे. माणसाला माणसासाठी आपली पद्धत क्षणात बदलता येते. पडद्यावरच्या अभ्यासक्रमाला असे काही विचारता येत नाही. तो बनविणाऱ्याने जे गृहीत धरले, तेच अखेरपर्यंत कायम राहते.

आणि आता पडदाच मुख्य झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली आणि ‘आयगॉट कर्मयोगी’ या ऑनलाइन व्यासपीठावर सरकारी कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणण्याचे धोरण स्वीकारले. ऑक्टोबर २०२४ मध्ये साजऱ्या झालेल्या राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली होती. खासगी क्षेत्रात तर करोनाच्या आधीपासूनच हा प्रघात रुळला होता. टाळेबंदीने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रशिक्षणाचे तास वार्षिक मूल्यमापनाशी आणि बढतीशी जोडले जाऊ लागल्यावर संकेतस्थळावरचे ते ‘नेक्स्ट’ बटण निव्वळ बटण राहत नाही.

अडते नेमके कुठे?

स्क्रीन रीडर पडदा ‘पाहत’ नाही. पानामागे दडलेली संकेतभाषा तो वाचतो आणि तिच्यात जे लिहिले आहे तेच बोलतो. एखाद्या हिरव्या बाणाच्या चित्रामागे ‘पुढील पृष्ठ’ असे लिहिलेले असेल, तर तो ‘पुढील पृष्ठ, बटण’ असे सांगेल. काहीच लिहिलेले नसेल तर तो नुसते ‘ग्राफिक’ म्हणेल किंवा चित्राच्या फाइलचे निरर्थक नाव वाचून दाखवील. डोळस माणसाला सहज कळणारा बाण अंध व्यक्तीपुरता अस्तित्वातच नसतो. ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये विकसित करावयास घेतला आणि तो विनामूल्य उपलब्ध आहे. तेव्हा, अशी सॉफ्टवेअर महाग असतात म्हणून कर्मचारी मागे पडतात, ही सबब आता फारशी टिकणारी नाही. सॉफ्टवेअर आहे, त्याला वाचण्याजोगे काही ठेवलेले नाही.

प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ही अडचण सामान्य संकेतस्थळांपेक्षा अधिक तीव्र होते. याचे कारण त्यांच्या ‘आकर्षक’पणात आहे. शिकणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून त्यात चित्रांवर टिचकी मारल्यावर उलगडणारी माहिती असते, डावीकडील शब्द माऊसने ओढून उजवीकडील चौकटीत टाकण्याचे खेळ असतात, घड्याळ लावलेल्या चाचण्या असतात. ज्याच्या हाताला कंप आहे किंवा जो फक्त कीबोर्ड वापरतो, त्याला शब्द ओढून टाकता येत नाही आणि ते केल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. घड्याळाचेही तसेच. स्क्रीन रीडरने प्रश्न आणि चार पर्याय ऐकावयाचे तर डोळ्यांनी वाचण्यापेक्षा वेळ अधिक लागणार, हे उघड आहे. पण तीस सेकंदांनी प्रश्न निघून जातो आणि उत्तर चुकीचे धरले जाते. चुकीच्या उत्तराला लाल आणि बरोबर उत्तराला हिरवा रंग देऊन थांबणारी चाचणी रंगांधळ्या व्यक्तीला काहीच सांगत नाही. तिथे ‘चूक’ आणि ‘बरोबर’ असे दोन शब्द लिहिले की काम भागते. दोन शब्दांचाच तर प्रश्न.

या सगळ्यांवर उपाय ठाऊक नाहीत, असे मुळीच नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने संकेतस्थळांच्या सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीत तर ओढून टाकण्याच्या क्रियेला साध्या टिचकीचा पर्याय असावा, असा स्वतंत्र निकषच घातला आहे. कीबोर्डने सर्व काही करता यावे, वेळेची मर्यादा वाढवता यावी, चित्रफितीला उपशीर्षके असावीत, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील भेद किमान साडेचारास एक या प्रमाणात असावा, अशी ही तत्त्वे आहेत. त्यांत अनाकलनीय असे काही नाही.

मराठीची आणखी एक गाठ

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत या अडचणींवर आणखी एक थर चढतो. प्रशिक्षणाबरोबर संदर्भासाठी परिपत्रके, नियमावल्या, जुन्या टिपणी जोडलेल्या असतात. त्यांतील कित्येक म्हणजे कागदाच्या स्कॅन केलेल्या प्रती, अर्थात छायाचित्रे. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरे पान. ज्या प्रती टंकलिखित आहेत, त्यांतही युनिकोडपूर्व काळातील फाँटचा घोळ आहे. त्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत साठवलेले असते ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते. स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक जंत्री वाचू लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क नियमांत २०१७ पासूनच, संकेतस्थळावर ठेवावयाचे दस्तऐवज ई-पब किंवा मजकूर ओळखता येण्याजोग्या पीडीएफ स्वरूपात असावेत, असे म्हटले होते. जुनी फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची साधने वर्षानुवर्षे उपलब्ध आहेत. तरीही जुनेच टिपण नव्या अभ्यासक्रमाला जोडून देण्याची सवय सुटत नाही. मराठीच्या सक्तीवरून वाद घालणाऱ्यांपैकी कोणी हा मुद्दा हाती घेतल्याचे या प्रतिनिधीच्या ऐकिवात नाही.

कर्णबधिरांच्या बाबतीत उपशीर्षके हा पूर्ण उपाय ठरत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा ही सांकेतिक खुणांची भाषा असते. मराठी वा इंग्रजी ही त्यांनी नंतर शिकलेली भाषा. कायदेशीर परिभाषेने भरलेल्या ओळी भराभर सरकत गेल्या, तर त्या वाचता येऊनही समजत नाहीत. म्हणूनच २०१६ च्या कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमांबाबत उपशीर्षकांबरोबर सांकेतिक भाषेतील निवेदन आणि दृश्यांचे ध्वनिवर्णन यांचाही उल्लेख केला आहे.

कायदा आहे, नजर नाही

कायद्याच्या बाजूने पाहिल्यास चित्र निराशाजनक नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातवरून २१ वर नेले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के केले आणि कलम २० अन्वये, केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येणार नाही, असे बजावले. कलम २१ अन्वये प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावे लागते. त्याखालील नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांच्या धोरणातही नियुक्तीनंतरच्या आणि बढतीपूर्वीच्या प्रशिक्षणाचा उल्लेख असणे आवश्यक आहे, शिवाय दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी एक संपर्क अधिकारी नेमावयाचा आहे. प्रशिक्षण हा शब्द कायद्याच्या चौकटीत अगदी स्पष्टपणे आहे.

यानंतर न्यायालयाचे दोन निर्णय आले. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नियम १५ मधील पहिला उपनियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियम मात्र शिफारशींच्या भाषेत बोलतात, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. बंधनकारक निकष ठरविण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत देण्यात आली. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटविण्याच्या प्रक्रियेसंबंधी होता. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेला कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटता येत नव्हत्या, म्हणून तिचे बँकेतील काम अडले होते. न्यायालयाने दिलेल्या वीस निर्देशांत सुगम्यतेची नियमित तपासणी तज्ज्ञांकडून व्हावी आणि नवे अॅप किंवा संकेतस्थळ तयार होताना अंध व्यक्तींकडून ते वापरून पाहिले जावे, असेही म्हटले आहे.

गंमत अशी की, या निकालाची अंमलबजावणी बँकेतील जे कर्मचारी करणार, त्यांना नवे नियम शिकवले जातात ते पुन्हा त्याच प्रशिक्षण संकेतस्थळावरून. ग्राहक अंध असू शकतो, हे यंत्रणेने निदान तत्त्वतः मान्य केले. काउंटरच्या अलीकडे बसलेला माणूसही अंध असू शकतो, हे अजून तिच्या गळी उतरलेले नाही.

याला एक साधे कारण आहे. तपासणीची आपली सवय दर्शनी पानांची आहे. सार्वजनिक संकेतस्थळ कोणीही उघडू शकतो, त्याविषयी तक्रार होऊ शकते, वृत्तपत्रात बातमी येऊ शकते. प्रशिक्षणाचे संकेतस्थळ पासवर्डच्या दाराआड असते. तिथे बाहेरचा माणूस जात नाही आणि आतल्या माणसाला तक्रार करण्याचा धीर होत नाही. आरक्षणातून आलेला म्हणून आधीच कुजबुज सोसणारा कर्मचारी, मला अभ्यासक्रम करता येत नाही, असे लेखी देण्यापेक्षा शेजाऱ्याला खुर्ची देणे पसंत करतो. तक्रार नाही म्हणून अडचण नाही, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो.

दोष निविदेत

प्रशिक्षण संकेतस्थळ बहुधा कोणतीही संस्था स्वतः बनवीत नाही. व्यासपीठ एका कंपनीकडून घेतले जाते, अभ्यासक्रम दुसरीकडून आणि चित्रफिती तिसरीकडून. व्यासपीठ सुगम्य असल्याचे प्रमाणपत्र दाखविले जाते, तेही कित्येकदा खरे असते. पण आत बसवलेला अभ्यासक्रम हा वेगळा गठ्ठा असतो. त्याची बटणे, त्याची चित्रे, त्याच्या चाचण्या यांना व्यासपीठाचे प्रमाणपत्र लागू होत नाही. इमारतीला उतरता मार्ग आहे आणि खोलीच्या दाराला एक फुटाचा उंबरा, असा हा प्रकार.

अमेरिकेने या ठिकाणी बोट ठेवले. तेथील पुनर्वसन कायद्यातील कलम ५०८ मध्ये १९९८ साली दुरुस्ती झाली आणि केंद्र सरकारच्या खात्यांनी विकत घेतलेले किंवा वापरलेले तंत्रज्ञान नागरिकांप्रमाणेच दिव्यांग कर्मचाऱ्यांनाही वापरता आले पाहिजे, अशी अट घातली गेली. ‘कर्मचारी’ हा शब्द तेथे सुरुवातीपासून आहे. सरकारसारखा मोठा ग्राहक खरेदीपूर्वीच विचारणा करू लागल्यावर विक्रेत्यांनाही आपल्या उत्पादनाच्या सुगम्यतेचा तपशीलवार तक्ता तयार ठेवणे भाग पडले. त्या तक्त्यांतही अतिशयोक्ती असते, ही गोष्ट निराळी. परंतु लिहून दिलेल्या शब्दाला निदान जाब विचारता येतो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक युरोपीय मानकाच्या आधारे तयार झाले असून, २०२३ मधील दुरुस्तीने ते दिव्यांग हक्क नियमांत समाविष्ट करण्यात आले. म्हणजे निविदेत लिहिण्याजोगा आकडा आपल्याकडेही आहे. प्रशिक्षणाच्या निविदांत तो लिहिला जातो का, आणि लिहिला तर माल ताब्यात घेताना कोणी पडताळतो का, हा खरा प्रश्न आहे.

पडताळणीऐवजी अनेकदा एक सोपा मार्ग पत्करला जातो. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक चिन्ह बसवायचे. त्यावर टिचकी मारली की अक्षर मोठे होते, रंग उलटे होतात, एखादी आज्ञावली मजकूर वाचूनही दाखवते. अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण करताना हे फार छान दिसते. अंध व्यक्तीला त्याचा उपयोग जवळपास शून्य. तिच्याकडे स्वतःचा वाचक आधीच असतो आणि बिननावाचे बटण या चिन्हामुळे बोलू लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅक्सेसिबी या कंपनीवर, आपले असेच साधन कोणतेही संकेतस्थळ मानकांनुरूप करते हा दावा दिशाभूल करणारा असल्याचा ठपका ठेवला आणि दहा लाख डॉलर भरण्याची अट असलेला आदेश प्रस्तावित केला. आपल्याकडे ते कोपऱ्यातले चिन्ह अजूनही पुरावा म्हणून चालते.

खर्चाचा मुद्दा प्रत्येक चर्चेत पुढे येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तयार झालेला, शेकडो पडद्यांचा अभ्यासक्रम नव्याने दुरुस्त करणे खरोखरच खर्चिक असते. काही वेळा तो मोडीत काढून पुन्हा बनविणे स्वस्त पडते. परंतु नवा अभ्यासक्रम तयार होत असतानाच बटणाला नाव देणे, चित्राचे वर्णन लिहिणे किंवा चित्रफितीच्या संहितेवरून उपशीर्षके घालणे यांचा खर्च तुलनेने अगदी थोडा असतो. संहिता तर आधीच लिहिलेली असते! आणि अभ्यासक्रम काही कायमचे नसतात. कायदे बदलतात, नियम बदलतात, दर दोन-तीन वर्षांनी ते नव्याने करावेच लागतात. जुने सगळे आजच दुरुस्त करा, असा आग्रह न धरताही, यापुढे विकत घेतलेला कोणताही अभ्यासक्रम एखाद्या अंध आणि एखाद्या कर्णबधिर कर्मचाऱ्याने स्वतः पूर्ण केल्याशिवाय त्याचे देयक मंजूर होणार नाही, एवढी अट घालता येईल.

‘आमच्याकडे असे कर्मचारी दोन-चारच आहेत’ हे उत्तरही ठरलेले असते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. आणि ती नोंद सात नव्हे, तरी आठच प्रकारांची होती, २१ प्रकारांची नव्हे. शिवाय पन्नाशी ओलांडलेला, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलणारा आणि राखाडी पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे वाचताना डोळे बारीक करणारा अधिकारी या कोणत्याच मोजणीत येत नाही. उपशीर्षके लोकलमध्ये आवाज बंद करून चित्रफीत पाहणारेही वापरतात.

दक्षिण मुंबईतील त्या अधिकाऱ्याने गेल्या वर्षी एक प्रयोग केला. अभ्यासक्रमातील चाचणीचे प्रश्न साध्या वर्ड फाइलमध्ये पाठवावेत, अशी विनंती त्यांनी मनुष्यबळ विभागाला केली. उत्तर आठवड्याभराने आले. चाचणी प्रणालीतूनच देणे बंधनकारक असून, अडचण असल्यास सहकाऱ्याची मदत घेण्यास हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. पासवर्डविषयी त्या पत्रात काहीच लिहिलेले नव्हते.